उजव्या हाताची दोरी

नाहूर स्टेशनच्या पूर्वेला, तीन टॉवरांच्या बेचक्यात अडकलेली वेंगुर्लेकर चाळ अजून उभी होती, आणि तिच्या अंगणात झेंड्याचा खांब उभा होता. खांब म्हणजे गिरणीतला वाफेचा पाइप. गिरणी बंद पडली तेव्हा चंद्रप्रकाश परबच्या बापानं तो भंगारातून मागून घेतला, टेंपोत घालून आणला आणि चौथरा बांधून त्यात रोवला. त्यामुळे खांब चाळीचा असला तरी चंद्रप्रकाशच्या मनात तो परबांचाच होता. असं तो कुणाला बोलून दाखवत नसे. पण दुसऱ्या कुणी खांबाला पाठ टेकली तरी त्याच्या कपाळाला आठी पडे.

पंचवीस वर्षं खांबाची चाकरी त्यानंच केली. ऑगस्ट लागला की कामावरून आल्यावर तो लुंगी खोचून शिडीवर चढे, पॉलिश पेपरनं गंज खरवडे, रेड ऑक्साइडचा हात मारी, वरच्या कप्पीत तेल सोडी. आणि पंधरा ऑगस्टच्या सकाळी झेंडा बांधी. हे बांधणं मात्र कुणीही करावं असं काम नव्हतं. झेंड्याची घडी घालायची, पोटात झेंडूच्या पाकळ्या भरायच्या, आणि दोरीचा असा वेढा द्यायचा की वर गेलेलं गाठोडं वाऱ्यानं सुटता कामा नये आणि खालून एक झटका बसला की सुटल्यावाचून राहता कामा नये. बाप गिरणीत साचे खात्यात, मागांवर होता. तुटलेला धागा सांधणारी बोटं त्याची. त्यानं ही गाठ मुलाला दिली आणि गेला. कुणी एका शहाण्यानं एकदा सांगून पाहिलं, की पंधरा ऑगस्टला झेंडा खालून वर चढवायचा असतो, वर बांधून सोडायचा तो सव्वीस जानेवारीला. चाळीनं मान डोलावली आणि आपलं तेच चालू ठेवलं. फुलं पडली नाहीत तर झेंडावंदन झाल्यासारखं वाटायचं नाही.

गाठ शिकवा म्हणून दोघा-तिघांनी विचारलंही होतं. चंद्रप्रकाशनं "बघू रे" म्हणून टाळलं. पोटची पोर अक्षता, तिलाही शिकवली नाही.

विश्रामतात्या होते तोवर दोरी तेच ओढायचे. तात्या बेचाळीस साली, पोरवयात, मालवणात पत्रकं वाटताना पकडले गेले होते आणि आठ महिने आत बसले होते. त्यांच्यापुढे दुसऱ्या कुणाचं नाव निघणं शक्यच नव्हतं. तात्या गेल्यावर पाहुणे येऊ लागले. कधी नगरसेवक, कधी हेडमास्तर, एकदा निवृत्त फौजदार. खांबाला दोन दोऱ्या. एक ओढली की गाठ सुटायची, दुसरी ओढली की आवळायची. साहेबलोकांना यातलं काय कळणार? चंद्रप्रकाश पाहुण्याच्या मागे उभा राही आणि वेळ आली की कानाशी वाकून हळूच सांगे, "साहेब, उजव्या हाताची. एकच झटका." झेंडा फडकला की टाळ्या पाहुण्याला. पाकळ्याही पाहुण्याच्या डोक्यावर. मागे उभ्या माणसावर एक पाकळी कधी पडली नाही.

जुलैच्या शेवटच्या रविवारी सेक्रेटरी श्यामसुंदर सावंतच्या खोलीत मीटिंग भरली. श्यामसुंदर म्हणाला, "यंदा बाहेरचा पाहुणा नको. किती दिवस लोकांना हारतुरे घालायचे? चाळीचंच माणूस पाहिजे."

चंद्रप्रकाशनं पाय जवळ घेतले. हे त्याच्या कानावर दोन दिवस आधीच आलं होतं. खरं सांगायचं तर त्यानं शिंप्याकडे पांढऱ्या शर्टाचं कापडसुद्धा टाकून ठेवलं होतं.

"माझ्या मनात एकच नाव आहे," श्यामसुंदर म्हणाला आणि सरळ त्याच्या दिशेनं बघून हसला. "चाळीसाठी राबायचं आणि तोंडानं बोलायचं नाही, अशी माणसं परबांच्याच घरात. काय?"

"बरोबर, बरोबर," सगळे म्हणाले.

चंद्रप्रकाशनं गुडघ्यावर हात टेकले आणि तो अर्धा उठला.

"सुगंधावहिनी," श्यामसुंदर म्हणाला.

टाळ्या पडल्या. दाराशी बायकांत बसलेली त्याची बायको सुगंधा "अगो बाई, मी कशाला" म्हणत पदरानं तोंड पुसू लागली. चंद्रप्रकाश अर्धा उठलेला तसाच. बसावं तर सगळ्यांना कळणार, उभं राहावं तर कशासाठी? शेवटी उठलोच आहोत तर म्हणून तो भिंतीपाशी गेला आणि पंख्याचं बटण एकानं वाढवलं. बाहेर पाऊस, आत गारवा. नऊ नंबरवाली काकी ओरडली, "चंदू, पंखो कित्याक वाढयलंस? माका थंडी वाजता!" त्यानं बटण परत एकानं कमी केलं आणि येऊन बसला.

सुगंधानं काय केलं होतं, हे चाळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गेल्या निवडणुकीत चाळीतली एकेचाळीस माणसं मतदान केंद्रावरून हात हलवत परत आली. यादीत नावंच नव्हती. तपासणीला माणसं आली तेव्हा सगळे कामाधंद्याला, दारांना कुलपं. काकी तर घरात असून मेलेल्यांत जमा झाली होती. त्या दिवशी ती अंगणात बसून रडली. "जल्मात एक मत चुकवलंय नाय गो मी. माका मेल्यांत घातलानी!" सुगंधा पहाटे चारला उठून वीस डबे करणारी बाई. डबे गेले की ती फॉर्मची पिशवी घेऊन निघायची. कुणाचा फोटो, कुणाचं लाइटचं बिल, कुणाची सही. पाच महिने तिनं कचेरीचे जिने चढले. कुणी हाकललं तर दुसऱ्या दिवशी परत गेली. एकेचाळीसपैकी चाळीस नावं परत आली. एकेचाळिसावा माणूस दरम्यान खरोखरच वारला होता. काकीचं नवं मतदारकार्ड आलं तेव्हा तिनं ते देव्हाऱ्यात ठेवलं.

चंद्रप्रकाशला हे सगळं ठाऊक होतं. पाच महिने आमटी पातळ झाली तेव्हा तो काही बोलला नव्हता. उलट टॉवरमध्ये नळ दुरुस्त करता करता त्यानं दोघांना अभिमानानं सांगितलंही होतं. तोवर ते ठीक होतं. पण पाच महिने ते पाच महिने, आणि पंचवीस वर्षं ती पंचवीस वर्षं. बायकोचा हेवा वाटावा याची त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटली म्हणून हेवा काही कमी होत नव्हता.

ऑगस्ट लागला त्या संध्याकाळी तो शिडीवर चढला. पॉलिश पेपर गंजावर करकरू लागला. खालून जाणारा-येणारा विचारी, "काय चंदूभाऊ, वहिनींसाठी खास तयारी काय?" सोळा जणांनी विचारलं. त्यानं मोजले. सतरावा भीमराज, चौदा नंबरचा रिक्षावाला. तो म्हणाला, "भाई, आता घरात पण सॅल्यूट मारायला लागेल हां!" आणि आपल्याच विनोदावर खदखदून हसला. चंद्रप्रकाशनं इतक्या जोरात घासलं की बोटाचं सालटं निघालं.

घरी आला तर दारात तीन बायका. कुणाच्या सुनेचं नाव घालायचं होतं, कुणाच्या पत्त्याचं झेंगट होतं. त्यांना ओलांडून तो मोरीत गेला. बोटाला साबण झोंबला. सुगंधानं बाहेरूनच विचारलं, "लागलं का हो?" आणि उत्तराची वाट न बघता त्या बायकांना म्हणाली, "आधारची झेरॉक्स दोन्ही बाजूंची आणा गं." पूर्वी बोटाला लागलं की ती हळद घेऊन धावायची. तो मोरीतच दोन मिनिटं जास्त उभा राहिला.

आठवड्यानं ती बाजारातून आली ती हातात कागदाचं पुडकं घेऊन. "शिंप्यानं हाक मारली. तुमचा शर्ट शिवून झाला म्हणाला. पांढरा? कशासाठी शिवलात?"

"गणपतीला गावी जाताना."

सुगंधानं पुडक्यावरची कापड टाकल्याची तारीख वाचली, मीटिंगच्या आदल्या दिवसाची. मग त्याच्याकडे बघितलं. शर्टाला इस्त्री करून तो खुंटीला लावला. तिला कळलं हे त्याला कळलं. ती हसली असती तर परवडलं असतं.

चौदा तारखेला संध्याकाळी ती कणीक मळत होती. मळता मळता म्हणाली, "अहो, उद्या त्या दोरीचं मला एकदा दाखवाल का? चारचौघांत फजिती नको."

"त्यात काय दाखवायचंय? इतकी वर्षं गॅलरीतून बघत्येस ना? उजव्या हाताची ओढायची."

"एवढंच?"

"एवढंच. साहेबांना जमतं, तुला नाही जमणार?"

अक्षता पुस्तकातून डोकं काढून म्हणाली, "बाबा, नीट सांगा ना." तिला त्यानं डोळे दाखवले. सुगंधानं कणकेवर ओलं फडकं टाकलं आणि विषय संपवला.

पंधरा ऑगस्टला पहाटे पाऊस थांबला. साडेपाचला तो खाली उतरला, अंगात कामावरचा करडा शर्ट, खिशावर रंगाचा डाग. पांढरा शर्ट खुंटीवर तसाच. चौथऱ्यावर स्वच्छ चादर अंथरून त्यानं झेंड्याची घडी घातली, पाकळ्या भरल्या, दोरीचा वेढा घेतला. आणि इथं, खोटं कशाला बोला, त्याचा हात थांबला. वेढा एक जास्त दिला असता तर झालं असतं. कुणी ओढो, कितीही ओढो, गाठ सुटली नसती. चाळीतल्या कुणाला ते ओळखताही आलं नसतं.

त्यानं एकदा इकडेतिकडे बघितलं. वेढा घेतला. पण बोटं ऐकेनात. पंचवीस वर्षं त्यांना एकच गाठ ठाऊक. ती आपली आपण बरोबर जागी वळली, बरोबर जागी थांबली. बापाची गाठ ती. चंद्रप्रकाशनं ती ओढून बघितली, चोख होती. त्यानं सुस्कारा सोडला, गाठोडं वर चढवलं, दोन्ही दोऱ्या खाली हुकाला अडकवल्या. आपण काही वाईट केलं नाही, या समाधानात तो चहा प्यायला गेला.

सातला श्यामसुंदरनं हाक मारली. "चंदूभाऊ, फाटकाच्या बाजूला हे तळं झालंय बघ. टेबल पलीकडे घेतोय. वहिनींना पण तिकडूनच उभं करू, साडी भिजेल नाहीतर."

"घे," चंद्रप्रकाश म्हणाला.

टेबल खांबाच्या पलीकडे गेलं. तात्यांचा फोटो गेला, हार गेला, माइक गेला. चंद्रप्रकाशनं खांबाकडे बघितलं आणि त्याच्या ध्यानात आलं. आजवर पाहुणा फाटकाच्या बाजूला उभा राही. आता सुगंधा पलीकडच्या बाजूनं उभी राहणार. तिकडून उजवीची डावी होणार. गाठ सोडणारी दोरी तिच्या डाव्या हाताला येणार.

सांगायला पाहिजे, असं त्याच्या मनात आलं. लगेच आलं, हेही खरं.

सुगंधा जिना उतरली. हिरव्या काठाची पांढरी साडी, अंबाड्यात अबोलीचा गजरा. बायकांनी तिला गराडा घातला. काकीनं तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. पोरांनी फोटो काढले. त्या गर्दीतून सुगंधानं एकदा मान उंच करून त्याला शोधलं. तो दोन पावलं पुढे झाला, तेवढ्यात टॉवरमधल्या मधुवंती मॅडम आडव्या आल्या. त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ त्यानं मागच्याच महिन्यात बदलला होता.

"अरे, तुम्ही इथे?" त्या म्हणाल्या. "तुम्ही प्लंबर ना आमचे?" मग कुणीतरी त्यांच्या कानात काही सांगितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अय्या, सुगंधाताईंचे मिस्टर का तुम्ही! भाग्यवान आहात हो. मग तुम्ही काय करता चाळीसाठी?"

"काय नाय," चंद्रप्रकाश म्हणाला.

तो दोन पावलं मागे गेला आणि भिंतीशी उभा राहिला. तिला गरज असेल तर विचारील की, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

तात्यांच्या फोटोला हार घातला गेला. श्यामसुंदरनं तात्यांची आठ महिन्यांची कैद दरवर्षीप्रमाणे सांगितली, आणि मग म्हणाला, तात्या तुरुंगात गेले ते आपल्याला मत देता यावं म्हणून, आणि ते मत ज्या बाईनं चाळीला परत मिळवून दिलं तिनं आज झेंडा फडकवावा. काकीनं डोळे पुसले. चंद्रप्रकाशलाही क्षणभर भरून आलं, मग लगेच त्याला त्या भरून येण्याचा राग आला.

सुगंधा चौथऱ्यापाशी गेली. दोऱ्यांकडे बघून क्षणभर थबकली. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं वर गाठोड्याकडे पाहिलं.

तिनं उजव्या हाताची दोरी धरली आणि एक झटका दिला.

गाठोडं कप्पीला जाऊन आपटलं. तिनं परत ओढलं. गाठ करकचली. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा मागून पोरं फिसकन हसली. राष्ट्रगीतासाठी ताठ उभी राहिलेली माणसं हळूहळू सैल झाली, चुळबुळू लागली. सुगंधाचा चेहरा लाल झाला, गजऱ्याखालून घाम मानेवर उतरला.

"अरे चंदूभाऊ!" श्यामसुंदर माइक बंद न करताच म्हणाला. "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा गाठ चुकली रे!"

आणि भीमराज, अर्धी मस्करी, अर्धं खरं, "काय भाई, बायकोचा मान बघवला नाय काय?"

हशा झाला. सगळ्या चाळीचं तोंड भिंतीकडे वळलं.

चंद्रप्रकाशच्या जिभेवर शब्द आले होते. गाठ चोख आहे. हिनं उलटी दोरी ओढली. दोन वाक्यं, दोन्ही खरी. पंचवीस वर्षांचं नाव स्वच्छ राहिलं असतं, आणि हशा तिच्याकडे वळला असता. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातात दोरी तशीच होती. "तुम्हीच उजवी सांगितलीत" एवढं एक वाक्य तिच्याकडेही होतं. माइक तिच्या तोंडापुढेच होता. ती गप्प उभी होती, खाली मान घालून, जणू चूक तिचीच होती.

तो भिंतीपासून निघाला. तळ्यातून सरळ चालत गेला, चपला भिजल्या.

"गाठ चुकली माझी," तो मोठ्यानं म्हणाला. "थांबा जरा."

त्यानं तिच्या हातातली दोरी घेतली. गाठोडं खाली उतरवलं, जमिनीला लागू नये म्हणून खांद्यावर झेललं. आवळलेली गाठ नखानं, मग दातानं सोडवली. ओल्या पाकळ्या परत गोळा केल्या, घडी परत घातली, वेढा परत घेतला. दीडशे माणसं अगदी गप्प राहून त्याच्या बोटांकडे बघत होती. आजवर कुणी बघितलं नव्हतं. चंद्रप्रकाशला हेच हवं होतं इतकी वर्षं, आणि मिळालं ते असं, चुकलेला माणूस म्हणून. गाठोडं वर गेलं. तो नेहमीच्या जागी, मागे उभा राहिला आणि सुगंधाच्या कानाशी वाकला.

"ह्या खेपेक डावी," तो म्हणाला. "एकच झटको."

झेंडा उघडला. पाकळ्या तिच्या केसांवर, खांद्यांवर, टेबलावर, तात्यांच्या फोटोवर पडल्या. राष्ट्रगीत सुरू झालं. ताठ उभं राहून गाताना चंद्रप्रकाशच्या मनात येत होतं, की याही वेळी एक पाकळी आपल्यावर पडली नाही. माणूस असाच असतो, एका सकाळीत काही तो धुऊन निघत नाही.

दुपारी अक्षता मैत्रिणींकडे गेली. सुगंधा जमिनीवर बसून कोथिंबीर निवडत होती. केसांत एक पाकळी राहिली होती.

"गाठ चुकली नव्हती," ती म्हणाली.

"नाही."

"टेबल हलवलं तेव्हा माझ्या मनात आलं होतं, आता डावी तर झाली नसेल? मग तुमच्याकडे बघितलं. म्हटलं तसं असतं, तर तुम्ही सांगितलं असतंत."

चंद्रप्रकाश खाटेवर बसला होता. बाहेर पुन्हा पाऊस सुरू झाला होता. यावर गप्प बसलं तर चाललं असतं. ती पुढे काही विचारणार नव्हती, हे त्याला ठाऊक होतं.

"माका कळला होता," तो म्हणाला. "टेबल हलवल्याबरोबर कळला होता. मी बोललंय नाय."

तिचे हात थांबले. तो शिव्यांची वाट बघत होता. रडली असती तरी त्यानं सोसलं असतं.

"मग आता ती गाठ मला शिकवा," सुगंधा म्हणाली.

मीटिंगमधला तो हेवा परत उसळला. सगळं तर हिचं झालं, एवढी एक गाठ राहिली होती आपल्याकडे. तो उठला. खुंटीवर पांढऱ्या शर्टामागे जुन्या दोरीचा तुकडा अडकवलेला होता, तो त्यानं काढला आणि येऊन तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला. तिनं कोथिंबीर बाजूला सारली, ओले हात पदराला पुसले.

"धर," तो म्हणाला. "डाव्या हातात."